चौतीस मिलिमीटर

मिस्त्रीखाली जी मोटारसायकल गरीब गाईसारखी चालत होती, तीच त्याच्या धाकट्या भावाखाली वळणावर मागून लाथ मारत होती. हे कोडे तीन आठवडे सुटले नव्हते, आणि ते सुटेपर्यंत भावाचा जीव रोज त्या घाटरस्त्यावर टांगलेला राहणार होता.

धाकटा डोंगरावरच्या चार दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून खाली शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पोचवत असे. पाठीवर नमुन्यांची पिशवी, तिच्यात बर्फाचे पुडे, आणि पहिला नमुना हाती पडल्यापासून चार तासांची मुदत. अकरा वर्षांत त्याने एकही नमुना वाया घालवला नव्हता. घाटात बावीस वळणे होती. त्यांतल्या सतराव्यावर कठड्याचे दगड ढासळले होते आणि झाडाच्या मुळांनी डांबर खालून उचलून धरले होते. तिथे गाडी हल्ली त्याचे ऐकत नव्हती. मागचे चाक त्या उंचवट्यांवरून उडे, हँडल हातांत फडफडे आणि गाडी कठड्याकडे सरके. पहिल्यांदा हे झाले तेव्हा त्याने ते हसत सांगितले. दुसऱ्यांदा झाले तेव्हा त्याच्या उजव्या बुटाचा तळ दगडाला घासून फाटला होता, आणि तो हसला नाही.

गाडीचे सस्पेन्शन बसवून देणे हेच मिस्त्रीचे मुख्य काम होते. इंजिनाची कामे तो नाइलाजाने घेई. स्प्रिंगची मात्र मनापासून. त्याची पद्धत ठरलेली होती. आधी रिकाम्या गाडीचे मागचे चाक उचलून धरायचे आणि चाकाच्या मधल्या दांड्यापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावायचा. मग मालकाला गाडीवर बसवून पुन्हा टेप लावायचा. दोन मापांतला फरक म्हणजे त्या माणसाच्या भाराने गाडी किती खाली बसली, तो आकडा. मिस्त्री त्याला 'बैठक' म्हणे. बैठक कमी भरली तर स्प्रिंग त्या माणसाला कडक, जास्त भरली तर नरम. मग तो आकडीच्या पान्याने स्प्रिंगवरची कडी फिरवून ती हवी तेवढी घट्ट किंवा सैल करी, आणि शेवटी कडीवर पिवळ्या रंगाचा ठिपका देई, म्हणजे नंतर कुणी ती हलवली तर लगेच कळावे.

या सगळ्या बैठका त्याच्या एका लांबट वहीत नोंदलेल्या होत्या. कडी न फिरवता कुणाचा आकडा बदलला, की मिस्त्रीला त्या माणसाचे बरेच काही कळे. व्यायामशिक्षक निवृत्तीनंतर दोन वर्षांत पाच मिलिमीटर खाली बसले होते. टपालवाल्याचा आकडा लग्नानंतर चार महिन्यांत वाढला, तेव्हा मिस्त्रीने त्याला विचारले होते, "बायको सुगरण दिसते?" टपालवाला लाजून म्हणाला होता, "सासूबाई." या वहीत धाकट्याच्या पानावर सहा वर्षे एकच आकडा होता: चौतीस.

तीन आठवड्यांपूर्वी धाकट्याने पहिली तक्रार केली, ती बोलता बोलता, जणू काही विशेष नसावे अशा सुरात.

"दादा, स्प्रिंग जरा सैल कर ना. दोन फेरे."

"का?"

"कडक वाटते."

"वाटते म्हणजे? माप घेऊ, मग बोलू."

"मापबिप कशाला? दोन फेऱ्यांना पंचांग लागतं का?"

"मापाशिवाय मी बाबांची सायकलसुद्धा हलवली नसती. उद्या ये. आणि अंगावर रोजचं सगळं घालून ये. बूट, जाकीट, पिशवी. रोज जसा बसतोस तसा."

दुसऱ्या दिवशी धाकटा रोजच्या सगळ्या सरंजामानिशी आला आणि पिशवी पाठीवर ठेवूनच गाडीवर बसला. मिस्त्रीने समोरून हँडल सरळ धरले. त्याची बायको शेजारच्याच खोलीत शिवणकाम करी, आणि माप वाचायला तिसरा माणूस लागे तेव्हा ती मशीन थांबवून येई. तिने वाकून टेप वाचला.

"चौतीस."

"पुन्हा बघ."

"चौतीस म्हणजे चौतीस. केस इकडचा तिकडे नाही."

मिस्त्रीला समाधान वाटले, आणि त्याच समाधानाने पुढचे तीन आठवडे त्याची दिशाभूल केली. बैठक बरोबर असेल तर दोष स्प्रिंगमध्ये नाही. दुसरीकडे शोधायला हवा. त्याने दोन्ही चाकांतली हवा तपासली. हँडलच्या मानेतले बेअरिंग बदलले. मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्याचा बोल्ट काढून ग्रीस भरले. पुढच्या नळ्यांतले तेल ओतून नवे घातले. प्रत्येक कामानंतर तो स्वतः गाडी घेऊन घाटात जाई आणि सतराव्या वळणावरून तीन-तीन वेळा वर-खाली करी. गाडी नाकासमोर चाले. दुसऱ्या दिवशी धाकटा खाली येई आणि मान हलवी.

"तुला बघून सुधारते ती," तो म्हणाला. "मास्तर वर्गात आला की पोरं गप्प बसतात ना, तशी."

"तू हँडल गळा धरल्यासारखं आवळतोस. गाडी गुडघ्यांनी धरायची असते. हात आवळलेस की तुझीच थरथर तिला लागते."

"असेल."

"असेल काय? पूर्वी नव्हतास आवळत."

जाकिटाची चेन धाकट्याने गळ्यापर्यंत ओढून घेतली. हवा थंड होती खरी. पण गॅरेजमधल्या स्टोव्हजवळ बसूनही त्याने जाकीट काढले नव्हते, हे मिस्त्रीला त्या वेळी खटकले नाही. धाकटा नदीपलीकडे एका खोलीत एकटाच राहत असे, जेवण बाहेर घेई. दोघे भाऊ भेटत ते गॅरेजमध्ये, आणि तेही एकाने गाडीवरून उतरून आणि दुसऱ्याने गाडीखालून बाहेर येऊन.

परवाच्या दिवशी बुटाचा तळ फाटला. त्या रात्री मिस्त्रीला नीट झोप लागली नाही. त्याने मनाशी निष्कर्ष काढला तो असा: उभ्या गाडीवर आकडा बरोबर असला, तरी उंचवट्यावर स्प्रिंग जास्त दबत असावी आणि मग उसळत असावी. तेव्हा ती घट्ट करून पाहावी. काल संध्याकाळी धाकटा परतीच्या वाटेवर थांबला असता मिस्त्रीने पिवळा ठिपका खरवडून कडी दोन फेरे आवळली आणि नवा ठिपका दिला. धाकटा बाजूला उभा राहून बघत होता.

"घट्ट करतोयस?"

"हो."

"मी सैल म्हणालो होतो."

"तू नमुने पोचव. स्प्रिंग माझ्यावर सोड."

धाकट्याने पिशवीचे पट्टे खांद्यावर ओढून घेतले. नंतर तो म्हणाला, "बरं."

आज सकाळी सात वाजता तो त्याच गाडीवरून वर गेला. जाताना वहिनीच्या मशीनवर एक गाठोडे टाकून गेला आणि म्हणाला, "वहिनी, पँट जरा आत घे. दोन बोटं." तिने नीट बघायच्या आत तो रस्त्याला लागला होता.

दुपारी साडेबाराच्या सुमारास ती गाठोडे घेऊन गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. मिस्त्री एका स्कूटरचे चाक बसवत होता.

"अहो, एक विचारू? तुमचा आकडा चुकू शकतो का?"

"कुठला आकडा?"

"भाऊजींचा. चौतीस."

"तूच वाचलास की."

"वाचला. म्हणून तर विचारते." तिने पँट कामाच्या बाकावर पसरली. "ही तिसरी खेप. पहिल्यांदा चार महिन्यांपूर्वी घेतली आत, एक बोट. दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात, दोन बोटं. आज पुन्हा दोन बोटं, आणि ही तर आधीच माझ्या हातची आत घेतलेली आहे. बघा, जुनी शिवण. मी विचारलं तर म्हणाले, हल्ली तंग कपड्यांची चाल आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी कसली डोंबलाची चाल?"

"पण वजन तेवढंच आहे. गाडी तेवढीच बसते."

"तेच म्हणते मी. तुमचा टेप म्हणतो माणूस आहे तेवढाच आहे. माझा टेप म्हणतो साडेचार इंच गेले. दोघांतला एक खोटं बोलतोय."

"पोलाद खोटं बोलत नाही."

"मग कापड बोलतं वाटतं?"

मिस्त्रीने हात पुसले. त्याला हसू आले नाही. हातातला पाना त्याने तीनदा खाली ठेवला आणि उचलला. "वयाने माणूस आतून घट्ट होतो," असे काहीतरी तो म्हणाला, आणि ते त्याला स्वतःलाच पटले नाही.

"आणखी एक," ती म्हणाली. "पँट ज्यात गुंडाळून आणली ते बघा. पिशवीचं अस्तर आहे. मीच शिवलेलं. त्यांच्याकडे तीन आहेत, आलटून पालटून वापरतात आणि एवढासा डाग पडला तर दोनदा उकळतात. हे कपाटाच्या तळाशी पडलं असणार, घाईत हाताला लागलं म्हणून घेतलं. ह्याच्यावर हे काय आहे?"

पांढऱ्या अस्तराच्या तळाशी काळे ठसे होते. ते डागासारखे पसरलेले नव्हते. एकामागोमाग एक, सारख्या अंतरावर, दोन गोल आणि मध्ये चिमटलेली कंबर, पुन्हा दोन गोल. रांगा एकमेकींवरून वळत गेल्या होत्या. कुणा दुसऱ्याला ती नक्षी वाटली असती. मिस्त्रीने अस्तर उजेडात धरले आणि एका रांगेवरून बोट फिरवले. तो मोटारसायकलच्या चेनचा ठसा होता. एका चेनचा नव्हे. रांगा बऱ्याच होत्या.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला भंगाराची पेटी होती. झिजलेल्या चेनी तो तिच्यात वेटोळे करून, तारेने बांधून टाकत असे. त्याने पेटी ओढली आणि चेनी एकेक करून बाहेर काढल्या. वरच्या सात वेटोळ्यांच्या तारेचा पीळ उलटा होता. मिस्त्री उजव्या हाताने पीळ देई. त्यांच्या घरात डावखुरा एकच होता.

"काय झालं?" बायकोने विचारले.

"चेनी घातल्या होत्या पिशवीत. सात." त्याने एक वेटोळे हातात तोलून पाहिले. "दीड किलो, पावणेदोन. म्हणजे सगळ्या मिळून अकरा-बारा. माप घ्यायच्या आदल्या दिवशी नेल्या, नंतर गुपचूप परत ठेवल्या."

"पण कशासाठी?"

"चौतीस भरावेत म्हणून."

ती बाकाच्या कडेवर बसली. मिस्त्रीच्या मनात मात्र एव्हाना दुसराच हिशेब सुरू झाला होता, आणि तो त्याला थांबवता येईना. गाडी त्र्याहत्तर किलोच्या माणसासाठी बसवलेली; आपणही जवळपास तेवढेच, म्हणून आपल्याखाली ती नीट चाले. वर बसलेला माणूस बासष्टचा, कदाचित त्याहूनही कमी. मागची बाजू उंच राहणार, उंचवट्यावर चाक जमीन सोडणार, पुढचे चाक बिथरणार. अंगात बळ नाही म्हणून तो गुडघ्यांनी धरू शकत नाही, हातांनी लटकतो. तीन आठवडे तो नेमके हेच सांगत होता. आणि काल आपण काय केले? स्प्रिंग आणखी दोन फेरे घट्ट केली. चूक मुळात त्याची असेल. पण त्या चुकीवर आपण स्वतःच्या हाताने, पान्याने, ठिपका देऊन शिक्कामोर्तब केले.

त्याने फोन लावला. घाटात फोन लागत नसे. आजही लागला नाही. मग त्याने शेवटच्या दवाखान्यात लावला, तो परिचारिकेने उचलला.

"गेले की. पाऊण वाजता निघाले. का हो?"

"काही नाही. कसा दिसत होता?"

"दिसायचं काय त्यात? रोजच्यासारखे." मग तिला आठवले. "जिन्यावर बसले होते जरा. मी पाणी दिलं."

तिथून गॅरेजपर्यंत पन्नास मिनिटे लागत. म्हणजे एक पस्तीस. दीडला मिस्त्री रस्त्यावर येऊन उभा राहिला. एक पस्तीस झाले, एक पन्नास झाले. डोंगराकडून येणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा आवाज तो कान देऊन ऐके आणि गाडी दिसायच्या आधीच, ही नव्हे, म्हणून सोडून देई. स्कूटरचा मालक आला, चाक अजून बसलेले नाही हे पाहून कुरकुरला, आणि मिस्त्रीचा चेहरा पाहून मुकाट्याने चालत निघून गेला. दोन वाजले. बायकोने आतून विचारले, "तुमची गाडी काढून वर जाता का?" तो म्हणाला, "वाटेत चुकामूक झाली तर?" खरे कारण ते नव्हते. सतराव्या वळणावर पोचून कठड्यापलीकडे डोकावून पाहण्याचे धैर्य त्याला होत नव्हते.

"तुम्हाला आठवतं," बायको दाराला टेकून म्हणाली, "मामंजींच्या पट्ट्याला पाचवं भोक कुणी पाडलं?"

"आत्ता ते कशाला?"

"मी पाडलं. तुमच्याच दाभणाने. त्यांनी पट्टा पुढे केला, मी भोक पाडलं. चौथ्यालाही विचारलं नाही, पाचव्यालाही नाही. वाटलं, मोठ्या माणसाला काय विचारायचं. आणि ही पँटही मी तशीच आत घेत बसले." तिने पदराला टोचलेली सुई काढून पुन्हा टोचली. "माणूस दुधाने पोळतो आणि ताक फुंकतो म्हणतात. आपण पुन्हा दूधच गटागटा प्यालो."

दोन वाजून अठरा मिनिटांनी ओळखीचा आवाज आला. गाडी हळू, अगदी दुसऱ्या गिअरमध्ये येत होती. धाकट्याने ती दारात थांबवली, पाय टेकले आणि हेल्मेट काढले. कपाळ घामाने निथळत होते.

"दोघं दारात? मी काय परीक्षेचा निकाल घेऊन आलोय?"

"उशीर का झाला?"

"सतराव्याला उतरलो. वळण संपेपर्यंत ढकलत आणली." त्याने हसायचा प्रयत्न केला. "काल तू काय केलंस रे? आधी नुसती लाथ मारायची. आज चावायला आली."

मिस्त्रीने पुढे होऊन हँडल धरले. भाऊ समोर होता, सगळा होता, आणि आता त्याला राग आला.

"पिशवी उतरव."

"वेळ नाही. सव्वातीनची मुदत आहे—"

"पिशवी उतरव म्हणतो ना!" त्याने अस्तर भावापुढे धरले. "हे बघ. कुठल्या दवाखान्यात हल्ली चेनी तपासायला घेतात? आजारी होती का चेन? ताप होता तिला?"

धाकट्याने अस्तराकडे पाहिले. मग वहिनीकडे. मग त्याने पट्टे सोडून पिशवी हळूच बाकावर ठेवली, सावलीत, जिथे तिला स्टोव्हची धग लागणार नाही अशा जागी.

"मी सांगितलं होतं, सैल कर," तो म्हणाला.

"का, ते नाही सांगितलंस."

"सांगितलं असतं तर तू मला गाडीवर बसवलं असतंस?"

"काट्यावर बसवलं असतं."

"तेच." धाकटा उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला. "बाबांना काट्यावर उभं केलं, त्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. आठवतंय? आकडा ऐकला, आणि येताना आपण दोघांनी बखोटीला धरून आणलं. त्यानंतर ते उठलेच नाहीत. मी म्हटलं, जोवर आकडा कुणी मोठ्याने म्हणत नाही तोवर मी चालतोय. नमुने पोचतायत. काय बिघडलं?"

"बुटाचा तळ बिघडला," मिस्त्री म्हणाला. "आणखी वीतभर इकडेतिकडे झालं असतं तर काय बिघडलं असतं, ते तू मला सांगायला नसतास."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "मामंजी आकड्याने नाही खचले. तोवर पट्ट्याला पाच भोकं पडून गेली होती. आपण घरातली माणसं डोळ्यांवर कातडं ओढून बसलो होतो." तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. "प्या आधी. आणि ते जाकीट काढा. उन्हात जाकीट घालून घाम पुसताय."

त्याने जाकीट काढले. आत दोन सदरे होते, एकावर एक. वहिनीने मान वळवली.

मिस्त्रीने घड्याळ पाहिले: दोन पंचवीस. इस्पितळ पंधरा मिनिटांवर. त्याने आकडीचा पाना घेतला, गाडीखाली सरकला आणि कालचे दोन फेरे सोडले. कडी जुन्या खुणेवर आणली. "बस," तो म्हणाला. "जाकीट आणि पिशवी मांडीवर घे. रोजचं सगळं, फक्त चेनी नकोत."

धाकटा बसला. मिस्त्रीने हँडल सरळ धरले. त्यामुळे दोघांचे चेहरे एकमेकांसमोर आले, आणि इतक्या जवळून त्याने भावाकडे किती दिवसांत पाहिले नव्हते हे त्याला उमगले. गालांची हाडे बाबांची होती. बायकोने वाकून टेप लावला. ती वाचायला वेळ घेत होती.

"सांग ना."

"सत्तावीस."

सात मिलिमीटर, करंगळीच्या नखाइतके अंतर.

"म्हणजे अकरा किलो," मिस्त्री म्हणाला.

"बारा. औषधाच्या दुकानाबाहेर यंत्र आहे, त्यात नाणं टाकून बघतो मी. एकसष्ट." धाकट्याने खांदे उडवले. "चेनी मोजून घेतल्या होत्या, सात. बरोबर बसल्या ना चौतीसला?"

"केस इकडचा तिकडे नाही."

"तुझाच भाऊ."

मिस्त्रीला हसू फुटले, आणि तो लगेच पुन्हा खाली वाकला.

"आता कळलं ना," धाकटा वरून म्हणत होता, "तर दोन फेरे सैल कर आणि मला सोड. नमुने पोचवतो. पुढच्या आठवड्यात बघू काय ते. वचन देतो."

पाना कडीत अडकलेला होता. दोन फेरे सैल केले की गाडी एकसष्ट किलोची होईल. वळणावर शहाण्यासारखी वागेल. धाकटा उद्या वर जाईल, परवा जाईल. महिन्याने पुन्हा लाथ मारू लागेल आणि आपण पुन्हा एक फेरा सैल करू. मिस्त्रीला आपण हे किती कुशलतेने करू शकतो ते स्पष्ट दिसले, आणि त्याची त्याला भीती वाटली. त्याने पाना उलट्या बाजूने लावला.

"अरे, घट्ट करतोयस!"

"हो."

"डोकं फिरलं का? एकट्याखाली—"

"एकट्यासाठी नाही करत. दोघांसाठी करतोय." कडी कुरकुरत फिरली. पाच फेरे, साडेपाच. "मी चालवतो, तू मागे बस. नमुन्यांबरोबर तूही चल. अकरा वर्षं त्या खिडकीत दुसऱ्यांचं रक्त देतोस. आज स्वतःचं दे."

"खिडकीत असं देता येत नाही. आधी डॉक्टरांची चिठ्ठी लागते."

"तुला कायदे बरे पाठ आहेत. म्हणजे चौकशी केली होतीस."

धाकट्याने बोटाने टाकीवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "दोनदा. दुसऱ्यांदा तर रांगेतही उभा राहिलो होतो. माझा नंबर आला आणि मागच्या बाईला पुढे सोडलं."

"आज मागे मी असेन," मिस्त्री म्हणाला. "मी पुढे जाणार नाही."

तो पुढे बसला. धाकट्याने जाकीट घातले, पिशवी पाठीला लावली आणि मागे बसला. गाडी सरळ धरायला कुणी उरले नाही म्हणून मिस्त्रीने भिंतीला हाताचा टेका दिला. बायकोने टेप लावला.

"त्रेचाळीस."

दोघांसाठी त्याचा आकडा चाळीस होता. सहा वर्षांच्या वहीत एकही पान असे नव्हते, की ज्यावर तीन मिलिमीटरची चूक त्याने तशीच सोडली होती. उतरावे, आणखी एक फेरा द्यावा, असे त्याच्या मनात आले. दोन सदतीस झाले होते.

"राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे?" बायकोने आश्चर्याने वर पाहिले. मग तिने टेप गुंडाळला आणि धाकट्याच्या जाकिटाची वर आलेली कॉलर नीट केली. "भाऊजी, पँट तशीच ठेवते. आत घेत नाही."

ते निघाले. पहिला गतिरोधक बाजाराच्या तोंडाशीच होता. गाडी त्यावरून मऊ गेली, मागचे चाक जमिनीलाच राहिले; तरीही हँडल थरथरत होते. मिस्त्रीचे सगळे लक्ष तिकडे गेले. बेअरिंग नवे आहे. तेल नवे आहे. हवा सकाळीच पाहिली असेल का त्याने? त्याने वेग कमी केला. थरथर तशीच.

मागून धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला वजन असे जवळजवळ नव्हतेच.

"दादा," तो कानाशी म्हणाला, "हँडल गळा धरल्यासारखं आवळलंयस. गुडघ्यांनी धर."

मिस्त्रीने बोटे एकेक करून सैल केली. समोर सिग्नल हिरवा होता, आणि त्यापलीकडे इस्पितळाची पाटी दिसू लागली होती.